आठवा महिना आणि गोळ्यांची पिशवी: कुठली ठेवायची, कधी घ्यायची, कुठली बाजूला काढायची

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय. पहिलं बाळंतपण, ३१ वा आठवडा चालू, हिमोग्लोबिन ९.८ आलंय, थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून चालू. त्याशिवाय आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी-३ चं सॅशे (पावडरची पुडी), एक मल्टीव्हिटॅमिन, आणि नणंदेनं अमेरिकेहून पाठवलेल्या प्रीनेटल गमी, म्हणजे गरोदरपणातल्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. विसरायला नको म्हणून त्या सगळं सकाळी एकदमच दुधाबरोबर घेऊन टाकतात. सासूबाई म्हणतात आयर्ननं बाळ काळं होतं, शेजारच्या भाभी म्हणतात कॅल्शियमनं बाळ मोठं होऊन सिझर होतं. तर हे सगळं एकत्र चालतं का, आणि काही बंद करू का, असा प्रश्न आहे.

ताई, आधी हे की घाबरून सगळं बंद करू नका. तुमच्या यादीतली कुठलीच गोळी विष नाहीये, पण तुम्ही ज्या पद्धतीनं घेताय त्यात अर्ध्या गोळ्या वाया जातायत आणि एक-दोन गोष्टी दुप्पट जातायत. माझ्याकडे शेवटच्या तीन महिन्यांत ज्या बायका येतात त्यांच्यात हेच दोन घोटाळे सगळ्यात जास्त दिसतात, एक म्हणजे वेळेचा आणि दुसरा म्हणजे तोच घटक तीन वेगवेगळ्या पाकिटांतून घेण्याचा. कुठलं व्हिटॅमिन चांगलं आणि कुठलं वाईट हा प्रश्न त्यामानानं बराच मागे राहतो.

वेळेपासून सुरू करू, कारण तुमच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. थायरॉइडची गोळी आणि आयर्न-कॅल्शियम यांचं अजिबात जमत नाही. आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे त्या गोळीतल्या औषधाला, चिकटतात आणि ते रक्तात नीट जाऊ देत नाहीत, म्हणजे तुम्ही रोज इमानदारीनं गोळी घेताय, पण तिचा बराच भाग तसाच बाहेर. मग टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय का हे सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं येतं, डॉक्टर डोस वाढवतात, आणि खरं कारण दुधाच्या ग्लासात असतं. दूधही त्यात आलंच, त्यातही कॅल्शियम असतं. म्हणून थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही, आणि आयर्न-कॅल्शियम तिच्यानंतर कमीत कमी चार तासांनी. मल्टीव्हिटॅमिनमध्येही आयर्न-कॅल्शियम असतं, त्यामुळे त्यालाही हाच नियम.

आता आयर्न आणि कॅल्शियम यांचं आपसातलं. हे दोघं एकाच दारातून आत शिरायला बघतात आणि धक्काबुक्कीत मागे राहतं ते आयर्न. म्हणून दोघांमध्ये निदान दोन तास पाहिजेत. कॅल्शियम जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायचं, कारण आपल्याकडे बहुतेक गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात आणि त्याला विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. आयर्न मात्र जेवणापासून लांब, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर. चहा-कॉफी आयर्नच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नाही. आपल्या इंदूरला सकाळ म्हणजे पोहे आणि सोबत कट चाय हे ठरलेलंच, पोह्यांवर लिंबू पिळलं जातं ते छानच आहे, पण त्याच टेबलवर आयर्नची गोळी तोंडात टाकून वर चहा ओतला तर लिंबाचा फायदा चहा खाऊन टाकतो.

तुमच्यासाठी मी साधारण असं बसवलं असतं. साडेसहाला थायरॉइड, साडेसातला चहा, आठ-साडेआठला नाश्ता, अकराला आयर्न लिंबूपाण्याबरोबर, दीड-दोनला जेवण आणि लगेच एक कॅल्शियम, रात्री साडेआठला जेवण आणि दुसरं कॅल्शियम. नोकरी असेल आणि अकराला जमत नसेल, किंवा आयर्ननं मळमळत असेल, तर आयर्न रात्री झोपताना घ्या, जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, बऱ्याच जणींना झोपेत मळमळ जाणवत नाही. मोबाइलमध्ये तीन अलार्म लावा, एकदम सगळं गिळण्यापेक्षा ते बरं.

आयर्न बंद करायचं का? अजिबात नाही, तुमचं ९.८ आहे. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, आणि ७ च्या खाली गंभीर, त्यात शेवटच्या तीन महिन्यांत असाल तर सरळ ॲडमिट करावं लागतं. थोडं हिमोग्लोबिन सगळ्यांचंच उतरतं कारण रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, पण ९.८ त्या खात्यात टाकून सोडून देता येत नाही. बाळ आपला आयर्नचा साठा मुख्यतः याच शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं, आणि प्रसूतीत रक्त जाणारच आहे, तेव्हा हाताशी काहीतरी शिल्लक पाहिजे. ज्या बाईचं आधीच ८ आहे तिला थोडासा जास्त रक्तस्राव झाला तरी ती कोलमडते, जिचं ११.५ आहे ती तेवढाच रक्तस्राव झेलून जाते.

सरकारी कार्यक्रमात जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. ॲनिमिया असेल तर रोज दोन. प्रायव्हेटमध्ये लिहून देतात त्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा एकाच गोळीत १०० मिलिग्रॅम आयर्न असतं. आता होतं काय, आंगणवाडीची दीदी लाल पाकीट देऊन जाते, डॉक्टरनी स्ट्रिप लिहिलेली असते, आणि मल्टीव्हिटॅमिनमध्येही आयर्न असतं, बाई बिचारी तिन्ही घेते आणि मग पोट इतकं धरतं की आठवड्याभरात तिन्ही सोडून देते! यापेक्षा एकच, ठरलेल्या डोसची, रोज न चुकता घेतलेली गोळी कितीतरी जास्त काम करते. कुठली ते तुमच्या डॉक्टरना विचारून ठरवा आणि बाकीच्या कपाटात ठेवा.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन परत करा. गोळी नीट लागू पडत असेल तर महिन्यात साधारण एक ग्रॅम चढायला हवं. नाही चढलं तर आधी वेळ आणि चहा तपासा, मग पुढचं. तुमचे अजून आठ-नऊ आठवडे हातात आहेत म्हणून गोळीवर भागू शकतं, पण ३४-३५ आठवड्यांना ९ च्या खाली असेल किंवा गोळी पोटात टिकतच नसेल तर शिरेतून आयर्न देतात, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली. त्याला नाही म्हणू नका, ते रक्त चढवणं नाहीये.

एक गोष्ट इंदूरमध्ये तर विचारायलाच हवी. आपल्याकडे सिंधी वस्ती मोठी आहे आणि त्या समाजात थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तातल्या सौम्य दोषाचं, प्रमाण जास्त दिसतं, झाबुआ-अलीराजपूरकडच्या आदिवासी भागात सिकल सेल हा असाच रक्ताचा आनुवंशिक आजार दिसतो. पण ते फक्त तिथेच असतं असं नाही, आपल्या मराठी घरांतही सापडतं. थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन कायम थोडं कमीच राहतं आणि ते आयर्न खाऊन चढत नाही. अशा बाईला फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, न बघता महिनोन्महिने डबल डोस देत राहणं बरोबर नाही. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) खूप कमी दिसत असेल आणि आयर्न घेऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर फेरिटिन आणि एचबीए-२ (थॅलेसेमियाची रक्ततपासणी) करून घ्या, आणि तुमचं पॉझिटिव्ह आलं तर नवऱ्याचंही. हे खरं तर पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवं, राहिलं असेल तर आता करा.

सासूबाईंना सांगा की बाळाचा रंग आई-बापाच्या जीन्समधून येतो, गोळीतून नाही. काळं होतं ते शौचाला, आणि ते नॉर्मल आहे, त्यानं घाबरायचं नाही. आणि भाभींना सांगा कॅल्शियमनं बाळ फुगत नाही, बाळ गरजेपेक्षा मोठं होतं ते बहुतेक वेळा आईची शुगर वाढलेली असते म्हणून. तुमची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांमध्ये झाली होती ना? राहिली असेल तर या व्हिजिटला आठवण करा.

कॅल्शियमबद्दल अजून थोडं. लोकांना वाटतं ते फक्त हाडांसाठी. पण ज्यांच्या जेवणात मुळात कॅल्शियम कमी असतं त्यांना ते नियमित दिलं तर प्रेग्नन्सीतल्या बीपीचा, म्हणजे प्रीएक्लाम्पसियाचा धोका कमी होतो, म्हणून सरकारी डोस रोज दोन गोळ्या आहे, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी-३. एका वेळी ५०० च्या वर घेऊन फायदा नाही, शरीर तेवढं उचलत नाही, म्हणून दोनदा विभागून. स्ट्रिपवर ‘१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट’ लिहिलेलं बघून दचकू नका, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० च असतं.

पण इथे एक फटका बसतो तो ॲसिडिटीचा. आठव्या महिन्यात छातीत जळजळ होणारच, गर्भाशय वर दाबत असतं, मग घरात जे असेल ते चघळायच्या गोळ्या, गुलाबी सिरप, दिवसातून चार-पाच वेळा. त्यातल्या काही चघळायच्या गोळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच असतं. दोन कॅल्शियमच्या गोळ्या, वर या, वर दोन ग्लास दूध, अशानं रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर ताण आलेला बघितलाय. शिवाय ॲसिड मारलं की आयर्नही नीट शोषलं जात नाही. रोज जळजळ होत असेल तर स्वतः दुकानातून आणण्यापेक्षा डॉक्टरना सांगा, आणि रात्रीचं सेव-परमल, कचोरी थोडे दिवस सोडा, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार कुठे पळून जात नाही.

आता डी-३ चं सॅशे, हे जरा नीट वाचा. ६०,००० युनिटचं सॅशे असतं ते आठवड्याला एक किंवा महिन्याला एक असं लिहून दिलेलं असतं, रोज नाही. प्रिस्क्रिप्शनवर बाकी सगळं ‘रोज एक’ असतं त्यामुळे हेही रोज घेणाऱ्या बायका येतात, आणि ही चूक छोटी नाहीये, कारण रोजची सुरक्षित वरची मर्यादा ४,००० युनिट धरतात. डी जास्त झालं की कॅल्शियम चढतं, मग उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, सारखी लघवी, गळून गेल्यासारखं. ही सगळी लक्षणं आठव्या महिन्यात ‘होतंच असं’ म्हणून सोडून दिली जातात, म्हणून ते पटकन पकडलं जात नाही. सॅशे आणलं की त्याच्यावर पेननं वार लिहा, ‘रविवार’, आणि पुढच्यावर पुढच्या रविवारची तारीख. सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन घेऊन टाका म्हणजे झंझट नको असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. आणि किती आठवडे घ्यायचं ते संपलं की संपलं, दुकानदाराकडून परत भरून आणत राहायचं नाही.

गमीबद्दल. नणंदेनं प्रेमानं पाठवल्यात, पण बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचा. बहुतेक गमींमध्ये आयर्न नसतंच, त्यामुळे ‘मी प्रीनेटल घेते, मला लाल गोळी नको’ हे गणित चुकतं. आणि बघायचं म्हणजे व्हिटॅमिन ए. रेटिनॉल किंवा रेटिनाइल या नावानं लिहिलेलं ए असेल तर सगळ्या पाकिटांचं मिळून दिवसाला १०,००० युनिटच्या, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. खरा धोका सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचे अवयव बनत असताना असतो, पण आता चालेल असा त्याचा अर्थ घेऊ नका, उगाच जास्त घ्यायचं काही कारणच नाही. बीटा कॅरोटीन म्हणून लिहिलेलं असेल तर ती भीती नाही, गाजर-पालक-भोपळा तर बिनधास्त खा. कॉड लिव्हर ऑइल आणि फिश ऑइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॉड लिव्हरमध्ये व्हिटॅमिन ए भरपूर असतं, ते नको. तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर मल्टीव्हिटॅमिन आणि गमी यातलं एकच ठेवा, आणि आयर्न-कॅल्शियम-डी वेगळं चालूच असेल तर तेही लागेलच असं नाही.

सी आणि ई चे मोठे डोस बीपी वाढू नये म्हणून घेतात काही जणी, कुठेतरी वाचून. त्यावर मोठ्या चाचण्या झाल्यात आणि प्रीएक्लाम्पसिया टळत नाही हे दिसलंय, जागतिक आरोग्य संघटनाही देऊ नका म्हणते. लिंबू, पेरू, आवळा पुरे.

बी-१२ मात्र मी आवर्जून विचारते, कारण आपल्या घरांत अंडंसुद्धा न खाणाऱ्या खूप. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड जास्त घेत राहिलं तर रक्ताचं चित्र सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हातापायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, सारखा थकवा असेल तर टेस्ट करा. गरोदरपणात बी-१२ चा आकडा तसाही थोडा खाली येतो, म्हणून तो एकटा बघून घाबरायचं नाही, डॉक्टर सीबीसीबरोबर बघतील. दही-ताक-दूध रोज हवंच, पण पक्क्या शाकाहारी बाईला तेवढ्यानं पुरेलच असं नाही, गोळी लागू शकते. आणि फोलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी पहिल्या महिन्यांपासून तशीच चालू राहिली असेल तर विचारा की अजून कशासाठी. बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बंद होतो, ५ मिलिग्रॅमचा मुख्य उपयोग तिथे, आता बहुतेक जणींना आयर्नच्या गोळीत असतं तेवढं चालतं. फिटची औषधं चालू असतील तर स्वतःहून काही बदलू नका.

केस गळतायत म्हणून बायोटिन (केसांसाठी विकतात ते व्हिटॅमिन) घेत असाल तर सांगा हो डॉक्टरना. जास्त डोसच्या बायोटिननं थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, आणि तुमचा तर सगळा डोसच त्या रिपोर्टवर ठरतो. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, खरं तर बाळंतपण होईपर्यंत राहूच दे.

डोहाळजेवणात प्रोटीन पावडर आणि शतावरी कल्पाचे डबे येतात. कल्पात साखर असते आणि पावडरमध्येही बऱ्याचदा, शुगर बॉर्डरवर असेल तर ते डबे ओटीतच राहू द्या. पावडरमध्येही आयर्न, डी, ए घातलेलं असतं, ते बेरजेत धरायचं. दवा बाजारात, म्हणजे इंदूरच्या औषधांच्या घाऊक बाजारात, स्वस्त मिळतं म्हणून डझनानं आणतात लोक, आणण्याला हरकत नाही, पण डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं असेल तर ते फूड सप्लिमेंट आहे, औषध नाही, ते तुमचा ॲनिमिया भरून काढायला बनलेलं नाही. स्ट्रिप कापून देताना नाव आणि एक्सपायरीचा तुकडा दुकानदाराकडेच राहतो, तेव्हा पूर्ण स्ट्रिप मागा, नाहीतर इमर्जन्सीत कुठली गोळी हे आम्हालाही ओळखता येत नाही.

घरात भाचा-पुतण्या, कुणीही लहान मूल असेल तर आयर्न उंच कपाटात कुलपात. लाल, चकचकीत, गोड कोटिंगची गोळी, मुलाला ती खाऊची गोळीच वाटते. लहान मुलानं मूठभर आयर्न खाल्लं तर जिवावर बेततं, आणि मधे काही तास मूल ठीक दिसतं, त्यामुळे वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

उपवासाचं एक राहिलं. नवरात्रात नऊ दिवस सैंधव मीठ, त्यात आयोडीन जवळजवळ नसतं, आणि कित्येकींना ते चांगलं वाटतं म्हणून पुढेही तेच. रोजच्या जेवणात आयोडीनवालं मीठ ठेवा. पण थायरॉइड आहे म्हणून स्वतःहून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत.

आणि काही तक्रारी व्हिटॅमिननं बऱ्या होणाऱ्या नसतात, त्यात वेळ घालवू नका. तळहात-तळपायांना रात्री खूप खाज, पुरळ नाही, तर ती लिव्हरची तक्रार असू शकते, त्याच दिवशी दाखवा. डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढे चमकणं, चेहरा-हात अचानक सुजणं, वरच्या पोटात दुखणं म्हणजे ‘अशक्तपणा’ नाही, बीपी मोजायला लगेच जा. पोटरीत गोळे येतात त्यावर कॅल्शियम वाढवून फारसा फरक पडत नाही, झोपण्याआधी पोटऱ्या ताणा, पण एकच पाय सुजून दुखत असेल तर ते वेगळं, लगेच दाखवायचं. बाळाची हालचाल कमी वाटली तर कुठलीही गोळी घेऊन वाट बघायची नाही. माती, बर्फ, पाटीची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर लाजू नका, सांगा, ती आयर्न कमी असल्याची खूण असते.

पुढच्या व्हिजिटला सगळी पाकिटं, गमीची बाटली, पावडरचा डबा, उरलेल्या अर्धवट स्ट्रिपासकट एका पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओता. प्रायव्हेटचा खर्च जड जात असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिथेही हीच पिशवी चालते.

बाळ झाल्यावर आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही अजून सहा महिने. डिंकाचे-अळिवाचे लाडू खुशाल खा, पण ते गोळीच्या जागी नाही. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, ते नको म्हणू नका, आणि नंतर रोज ४०० युनिट डी चे थेंब. तुमच्या थायरॉइडचा डोस गरोदरपणात वाढवलेला असेल तर बाळंतपणानंतर तो बहुधा आधीच्या डोसवर आणतात, म्हणून सहा आठवड्यांनी टीएसएच करायला विसरू नका, आणि तेव्हाही गोळी उपाशीपोटीच, रात्रभर जागून सकाळी डोळा लागला असेल तर उठाल तेव्हा, पण डिंकाच्या लाडवाच्या आणि दुधाच्या आधी.